मामा, तुझा डायनासोर चुकलाय!

पत्र

नमस्कार ताई. मी सोलापूरला राहतो, वय चाळिशीच्या पुढे. १९९४ साली ‘जुरासिक पार्क’ हिंदीत आला तेव्हा मी शाळेत होतो. त्या सिनेमाने मला वेड लावलं होतं आणि आजही तो माझा सगळ्यात लाडका सिनेमा आहे. मे महिन्यात बहीण आणि बारा वर्षांची भाची आमच्याकडे आली होती. घरात पाहुणे होते, सगळ्यांनी मिळून तोच सिनेमा लावला. पहिल्या काही मिनिटांतच भाचीचं सुरू झालं. डीएनए इतकी वर्षं टिकत नाही. रॅप्टर एवढे मोठे नव्हते आणि त्यांना पिसं होती. टी. रेक्सला न हलणारा माणूसही दिसला असता. विष थुंकणारा डायनासोर नव्हताच. नाव जुरासिक आणि प्राणी त्यानंतरच्या क्रिटेशियस काळातले. शेवटी म्हणाली, ‘ते गवतसुद्धा चूक आहे, तेव्हा गवत नव्हतं.’ मी म्हटलं, या सिनेमाला मोठे शास्त्रज्ञ सल्ला द्यायला होते, तुला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं का? ती म्हणाली, ‘या बाबतीत हो.’ मी चिडलो आणि सगळ्यांसमोर तिला ‘अतिशहाणी’ म्हणालो. ती उठून आत गेली. तेव्हापासून फोनवर माझ्याशी धड बोलत नाही. बहीण म्हणते, लहान आहे, विसरेल. पण मला सांगा, तिचं खरं होतं का? आणि आता हा सिनेमा मी तिच्यासोबत कसा बघू?

– एक मामा, सोलापूर

उत्तर

नमस्कार दादा,

आधी तुमच्या शब्दाबद्दल बोलते, डायनासोर नंतर. भाचीचं सगळं म्हणणं चुकीचं असतं, तरी पाहुण्यांसमोर तिला ‘अतिशहाणी’ म्हणायचं नव्हतं. तुम्ही तिला प्रश्न विचारलात आणि तिने त्याचं सरळ उत्तर दिलं. त्यात उद्धटपणा नव्हता. ज्या विषयात आपण तासन्‌तास वाचलंय तो आपल्याला कळतो, असं बारा वर्षांच्या मुलीला वाटणं स्वाभाविक आहे. आपल्याकडे मुली असं म्हणायला लागल्या की त्यांना गप्प करणारे शब्द तयारच असतात आणि त्यातला एक तुमच्या तोंडून गेला. बहिणीचं ‘विसरेल’ मला पटत नाही. या वयातलं असं बोलणं मुली विसरत नाहीत. फक्त पुढच्या वेळी बोलत नाहीत. तेव्हा माफी मागा, आणि ‘चल, राग सोड आता’ अशी नको. ‘मी तुला तसं बोलायला नको होतं’ एवढं स्वच्छ सांगा. चारचौघांत बोललात, म्हणून माफीही घरातल्या माणसांसमोर मागा. आणि हे माझं उत्तर पूर्ण वाचायच्या आत मागा, कारण माफी तिचे मुद्दे बरोबर ठरले म्हणून मागायची नाहीये.

आता मुद्दे. तुम्हाला निकाल हवाय, तो देते. पण प्रत्येक निकालापुढे एक साल लिहिणार आहे. सिनेमातली एखादी गोष्ट चूक आहे एवढं म्हणून भागत नाही, ती कोणत्या साली चूक ठरली हेही बघावं लागतं. तुमचं आणि भाचीचं भांडण बरंचसं त्या सालांमुळे झालंय. तुम्ही मूळ सिनेमा आला त्या १९९३ च्या बाजूने बोलत होतात, ती आजच्या बाजूने.

रॅप्टरपासून सुरुवात करू, कारण तिथे दोघांचंही खरं आहे. १९२३ साली न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीच्या मोहिमेला मंगोलियात, गोबीच्या वाळवंटात एक लहानशी कवटी आणि वाकडी नखी मिळाली. पुढच्या वर्षी हेन्री ऑसबॉर्न यांनी त्या प्राण्याला व्हेलोसिरॅप्टर हे नाव दिलं. सिनेमातल्या रॅप्टरचं पूर्ण नाव हेच. हा प्राणी नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत दीड-दोन मीटर, त्यात निम्मी शेपूट. कमरेची उंची माणसाच्या गुडघ्याएवढी, वजन पंधरा किलोच्या आसपास. स्वयंपाकघरात मुलांना शोधत फिरणारे माणसाच्या उंचीचे प्राणी हे नव्हेत. भाची बरोबर.

पण मग सिनेमातला प्राणी कुठून आला? १९६४ साली येल विद्यापीठाचे जॉन ऑस्ट्रम यांना अमेरिकेतल्या मोंटानामध्ये एका मोठ्या भाऊबंदाची हाडं सापडली. १९६९ साली त्यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि नाव ठेवलं डायनोनिकस. लांबी तीन मीटरहून जास्त, मागच्या पायावर उचलून धरलेली विळ्यासारखी नखी, ताठ शेपूट. ज्या कादंबरीवरून सिनेमा झाला, ती लिहिताना मायकेल क्रायटन यांनी ऑस्ट्रम यांच्याकडे या प्राण्याबद्दल चौकशी केली होती. नाव मात्र व्हेलोसिरॅप्टर घेतलं, कारण ते जास्त नाट्यमय वाटतं. हे त्यांनी आपल्याला सांगितल्याचं ऑस्ट्रम यांनीच पुढे नमूद केलंय. त्या सुमारास एका अभ्यासकाने दोन्ही प्राणी एकाच नावाखाली टाकलेही होते, त्यामुळे ही अदलाबदल अगदी निराधारही नव्हती. सिनेमात रॅप्टरचा सांगाडा मोंटानामध्ये उकरताना दाखवलाय, आठवतं? व्हेलोसिरॅप्टर तिथे सापडत नाही, डायनोनिकस सापडतो. सिनेमातला रॅप्टर म्हणजे मंगोलियातलं नाव लावलेला मोंटानाचा प्राणी, तोही आणखी मोठा केलेला.

आता यातली तुमची बाजू. ऑस्ट्रम यांच्या आधी बहुतेक पुस्तकांत डायनासोर म्हणजे शेपूट फरफटत नेणारा, थंड रक्ताचा, मंद प्राणी असायचा. डायनोनिकसची हाडं बघून ऑस्ट्रम यांनी मांडलं की हा चपळ, सतत हालचाल करणारा शिकारी होता. पुढे पक्षी डायनासोरांपासूनच उत्क्रांत झाले हा विचारही त्यांनी नेटाने पुढे आणला. तुम्ही शाळकरी वयात पडद्यावर जे प्राणी पाहिलेत, पाठ जमिनीला समांतर, शेपूट मागे तोललेली, कळपाने एकदम वळणारे, ते विज्ञानाच्या जगातही अजून ताजे होते. शाळेच्या पुस्तकांत यायला त्यांना पुढे कितीतरी वर्षं लागली.

सल्लागारांबद्दलही तुमचं बरोबर आहे. जॅक हॉर्नर या सिनेमाचे सल्लागार होते. मोंटानामध्ये मायासॉरा या डायनासोरची घरटी आणि पिल्लं शोधून काढणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी ते एक. रॅप्टरनी सापासारखी जीभ आतबाहेर करावी असं आधी ठरलं होतं. हॉर्नर यांनी हरकत घेतल्यावर ते काढलं, आणि त्याऐवजी स्वयंपाकघराच्या दाराच्या गोल काचेवर रॅप्टरच्या श्वासाची वाफ उमटते. गरम रक्ताच्या प्राण्याचा श्वास! दोन-तीन सेकंदांचं ते दृश्य मला पूर्ण सिनेमातलं सगळ्यात सच्चं वाटतं. भाचीला ते मुद्दाम दाखवा.

पिसांचं साल आणखी महत्त्वाचं आहे. सिनेमा आला १९९३ साली. पक्षी सोडून इतर कुठल्याही डायनासोरच्या अंगावर पिसांचा पुरावा तेव्हा नव्हता. काही चित्रकार-अभ्यासक तशी चित्रं काढत होते, पण ते अनुमान होतं. १९९६ साली चीनच्या लिआओनिंग प्रांतात सायनोसॉरॉप्टेरिक्स सापडला, अंगभर तंतूंसारखी पिसं असलेला. तिथून चित्र पालटलं. २००७ साली मंगोलियातल्या व्हेलोसिरॅप्टरच्या हाताच्या हाडावर ओळीने बारीक उंचवटे असल्याचं जाहीर झालं. आजच्या पक्ष्यांच्या पंखाच्या हाडावर मोठी पिसं जिथे रुजतात तिथे असेच उंचवटे असतात. म्हणजे व्हेलोसिरॅप्टरला पिसं होती हे थेट त्याच्याच हाडावरून समजलं, सिनेमानंतर चौदा वर्षांनी. १९९३ च्या सिनेमाला या मुद्द्यावर दोषी धरणं अन्याय आहे. पण २०१५ साली मालिकेतला चौथा सिनेमा आला तेव्हाही रॅप्टर बिनपिसांचेच होते. त्याबद्दल भाची चिडत असेल तर तिची चीड रास्त आहे. मलाही तो निर्णय खटकला. पिसांचे प्राणी भीतीदायक वाटणार नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांनी चवताळलेला शहामृग जवळून बघितलेला नसावा.

हातांचंही असंच. सिनेमात रॅप्टरचे तळवे जमिनीकडे असतात. खरे तळवे एकमेकांसमोर असत आणि मनगट पक्ष्यांसारखं बाजूला दुमडे. तळवे खाली वळवायचे तर कोपरच वळवावं लागलं असतं.

टी. रेक्सच्या नजरेचा मुद्दा मात्र वेगळा आहे. ‘हललं नाही तर त्याला दिसत नाही’ हे वाक्य १९९३ सालीही चूक होतं. त्याच्या कवटीत डोळ्यांच्या खाचा समोर वळलेल्या आहेत. दोन्ही डोळ्यांचं दृश्य एकमेकांवर येतं तेव्हा अंतराचा नेमका अंदाज येतो. २००६ साली केंट स्टीव्हन्स यांनी कवट्यांच्या प्रतिकृतींवरून हे मोजलं, तेव्हा टी. रेक्सचा हा टप्पा ससाण्यापेक्षाही जास्त निघाला. आणि समजा नजर अधू असती, तरी नाक होतंच. मेंदूच्या पोकळीत वास ओळखणाऱ्या भागाची जागा भरपूर मोठी आहे. घाबरून घामाघूम झालेली माणसं दोन हातांवर स्थिर उभी असताना त्याला ती सापडली नसती, हे अशक्य. क्रायटन यांनी स्वतः पुढच्या, १९९५ च्या कादंबरीत ही समजूत खोडून काढली. हे वाक्य तीस वर्षं मुलांच्या डोक्यात पक्कं बसलंय, म्हणून भाचीने ते खोडलं याचा मला खरंच आनंद झाला.

वेगाचं थोडक्यात. सिनेमात टी. रेक्स ताशी ३२ मैल, म्हणजे साधारण ५१ किलोमीटरने धावतो असं सांगतात आणि तो जीपचा पाठलाग करतो. २००२ साली हचिन्सन आणि गार्सिया यांनी हिशोब मांडला, की एवढं वजन घेऊन वेगाने धावायला पायात किती स्नायू लागतील. त्यांच्या अंदाजात वेग ताशी १८ ते ४० किलोमीटरच्या दरम्यान येतो. जीप सुटली असती. माणूस सुटला असता का, ते माणसावर अवलंबून. त्याची कातडी मात्र सिनेमात फारशी चुकलेली नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्वचेच्या ठशांमध्ये मान, कंबर आणि शेपटीच्या भागांवर बारीक खवले दिसतात. डरकाळीबद्दल हाडं काहीच सांगत नाहीत. ती हत्तीच्या पिल्लाचा, वाघाचा आणि मगरीचा आवाज मिसळून तयार केली होती.

विष थुंकणारा डायलोफोसॉरस: भाची पूर्ण बरोबर. मानेभोवतीची झालर आणि विष, दोन्ही काल्पनिक. त्यांचा कुठलाही पुरावा १९९३ साली नव्हता, आजही नाही. खरा प्राणी ॲरिझोनामधल्या नावाहो लोकांच्या भूमीवर सापडला आणि तो सहा-सात मीटर लांब होता, सिनेमातल्यापेक्षा कितीतरी मोठा. त्याचा जबडा अशक्त असावा असा जुना समज होता. २०२० साली सगळ्या सांगाड्यांचा नव्याने अभ्यास झाला तेव्हा जबडा चांगला मजबूत निघाला. विषाची त्याला गरजच नव्हती.

नावाबद्दलही तिचंच खरं. टी. रेक्स, व्हेलोसिरॅप्टर, ट्रायसेराटॉप्स, गॅलिमिमस हे सगळे क्रिटेशियसचे. सिनेमातले जुरासिक काळातले प्राणी म्हणजे डायलोफोसॉरस आणि तो उंच मानेचा ब्रॅकिओसॉरस. जुरासिक संपला साडेचौदा कोटी वर्षांपूर्वी, टी. रेक्स जगला ६.८ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी. ब्रॅकिओसॉरस आणि टी. रेक्स यांच्यात जेवढा काळ गेला, तेवढा टी. रेक्स आणि आपल्यातही गेलेला नाही. एक चूक तिच्या नजरेतून सुटली असेल तर तिला सांगा: झाडावर बसलेल्या मुलांसमोर ब्रॅकिओसॉरस गाईसारखा पाला चघळतो. या लांब मानेच्या डायनासोरांना दाढा नव्हत्या, ते पाला ओरबाडून तसाच गिळत.

आता डीएनए. सिनेमात राळेत, म्हणजे झाडाच्या दगड झालेल्या चिकात, अडकलेल्या डासाच्या पोटातल्या रक्तातून डायनासोरचं डीएनए काढतात. इथे साल बघितलं तर गोष्ट फार रंजक होते. सिनेमा अमेरिकेत जून १९९३ मध्ये आला. त्याच महिन्यात ‘नेचर’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला, की लेबनॉनच्या राळेत अडकलेल्या, बारा कोटी वर्षांहून जुन्या सोंडकिड्यातून डीएनए मिळालं. म्हणजे सिनेमाची मूळ कल्पना त्या आठवड्यांत शास्त्रज्ञांनाही शक्य कोटीतली वाटत होती! इतर प्रयोगशाळांनी नंतर तसं करून बघितलं आणि कुणालाच जमलं नाही. जुन्या नमुन्यात आजचं डीएनए मिसळलं गेलं असणार, हे लक्षात आलं. २०१२ साली न्यूझीलंडच्या मोआ या नामशेष पक्ष्याच्या हाडांवरून मोजमाप झालं: जमिनीत साधारण १३ अंश तापमानाला डीएनएचा अर्धा भाग ५२१ वर्षांत तुटतो. अगदी उणे ५ अंशांत ठेवलं तरी ६८ लाख वर्षांत एकही जोड शिल्लक राहणार नाही. डायनासोर जाऊन ६.६ कोटी वर्षं झाली. आजवरचं सगळ्यात जुनं डीएनए ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीतून मिळालंय, सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचं, आणि तो निकाल २०२२ चा. शिवाय सिनेमात राळेची खाण डॉमिनिकन रिपब्लिकमधली दाखवलीय. तिथली राळ दीड-दोन कोटी वर्षांपूर्वीची आहे. त्या राळेतल्या डासाने डायनासोर पाहिलेलाच नाही. हा शेवटचा मुद्दा १९९३ सालीही कुणी भूगर्भशास्त्रज्ञ सांगू शकला असता.

आणि गवत. दादा, हे नीट वाचा, कारण इथे भाची अर्धी चुकलीय आणि जे तिला दुरुस्त करतं ते आपल्याच महाराष्ट्रात आहे.

डायनासोरांच्या काळात गवत नव्हतं, असं कितीतरी वर्षं सगळेच मानत होते. सिनेमातल्या कुरणावरून कळपाने धावणाऱ्या गॅलिमिमसच्या दृश्यावर त्यामुळे टीकाही होते. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या बाजूला पिसदुरा नावाचं गाव आहे. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे, त्या स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकातच तिथून हाडं गोळा केली होती. पण पिसदुरा खरं प्रसिद्ध आहे ते अश्मीभूत विष्ठेसाठी. दगड झालेले हे गोळे तिथल्या मातीतून उघडे पडतात. टायटनोसॉर या प्रचंड शाकाहारी डायनासोरांचे ते असावेत असं मानतात, कारण त्याच थरांत त्यांची हाडं सापडतात. वनस्पतींच्या पेशींमध्ये वाळूसारख्या सिलिकाचे सूक्ष्म कण तयार होतात आणि त्यांचे आकार वनस्पतीच्या कुळाप्रमाणे वेगळे असतात. वनस्पती कुजते, पचते, पण हे कण टिकतात. २००५ साली वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, हबीब अलिमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी पिसदुऱ्याच्या विष्ठेत गवताचे असे कण सापडल्याचं ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलं. एकाच नव्हे, किमान पाच प्रकारच्या गवतांचे. क्रिटेशियसच्या अखेरीस भारतात गवत होतं आणि ते डायनासोरांच्या पोटात जात होतं.

एका गावातल्या, हातात मावणाऱ्या दगडांनी जगभरच्या पुस्तकांतलं वाक्य बदलायला लावलं. मला याचा फार अभिमान वाटतो आणि आपल्या शाळांमध्ये हे सांगितलं जात नाही याचं वाईट वाटतं. त्याच भागातल्या डोंगरगावला १९८० च्या दशकात एका टायटनोसॉरचा बराचसा सांगाडा मिळाला. तो आज आयसिसॉरस म्हणून ओळखला जातो. विदर्भातल्या किती मुलांना हे नाव माहीत असेल?

तरीही भाची पूर्ण चुकलेली नाही. गवत असणं वेगळं आणि क्षितिजापर्यंत कुरण असणं वेगळं. मोठमोठी गवताळ मैदानं डायनासोर गेल्यानंतर कित्येक कोटी वर्षांनी पसरली. गॅलिमिमसचं दृश्य हवाईमधल्या कुरणात चित्रित झालं होतं, आणि तसं कुरण तेव्हा नव्हतंच. तेव्हा ‘बघ, तूही चुकलीस’ म्हणायला ही माहिती वापरू नका. तसं केलंत तर माफी वाया जाईल. ‘मला एक गोष्ट सापडलीय, तुला काय वाटतं?’ असं विचारून पिसदुऱ्याचं सांगा आणि तिला ती तपासू द्या. कुरणाचा मुद्दा ती स्वतःच काढेल असा माझा अंदाज आहे.

मालिकेतले पुढचे सिनेमेही तुम्ही दोघं बघालच, म्हणून दोन गोष्टी. उडणारे टेरोसॉर आणि पाण्यातला मोसासॉरस हे डायनासोर नाहीतच. टेरॅनोडॉनला दात नव्हते आणि त्याच्या पायांना पकड नव्हती, त्यामुळे माणूस उचलून नेणं सोडून द्या. मोसासॉर हे घोरपडीच्या आणि सापांच्या नात्यातले. खरा मोसासॉरस बारा मीटरच्या पुढे जाणारा, म्हणजे मुळातच भयंकर प्राणी. तरी सिनेमात त्याला आणखी वाढवलंय, आणि पाठीवर काटेरी झालर दिलीय. त्या झालरीची हकिगत भाचीला नक्की आवडेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅम्युएल विलिस्टन यांनी एका जीवाश्मातल्या श्वासनलिकेच्या कड्यांना पाठीवरची झालर समजून तसं लिहिलं. १९०२ साली त्यांनी स्वतःच ते मागे घेतलं. पण तोवर चित्रकारांनी झालर उचलली होती. शास्त्रज्ञाने शंभरहून जास्त वर्षांपूर्वी मागे घेतलेली गोष्ट सिनेमात अजून पोहतेय.

ती ‘गॉडझिला’लाही याच मापाने मोजायला लागली तर मात्र तिला जरा थांबवा. १९५४ सालच्या मूळ जपानी सिनेमात प्राध्यापक जुरासिक काळ वीस लाख वर्षांपूर्वीचा सांगतात. ही धडधडीत चूक आहे, ती जरूर दाखवावी. पण पन्नास मीटर उंच प्राणी उभाच राहू शकत नाही, ही त्या सिनेमातली चूक म्हणता येत नाही. उंची दुप्पट केली की वजन आठपट होतं आणि हाडाचा भार पेलणारा छेद फक्त चौपट. गॅलिलिओने १६३८ साली हे हाडाचं चित्र काढून समजावलं होतं. त्या सिनेमाच्या कर्त्यांना प्राणीशास्त्र सांगायचंच नव्हतं. त्याच वर्षी मार्चमध्ये बिकिनी बेटावरच्या अमेरिकेच्या हायड्रोजन बॉम्ब चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली होती. हिरोशिमा-नागासाकीला दहा वर्षंही झाली नव्हती. ती भीती त्यांनी एका प्राण्याच्या रूपात उभी केली. त्याच्याशी हाडांचा हिशोब घालून बसलं तर सिनेमाच हातून निसटतो. ‘जुरासिक पार्क’चं तसं नाही. तो आपले प्राणी खरे असल्याचा दावा करतो, म्हणून त्याला प्रश्न विचारायचे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. तिच्यासोबत बसताना एक साधा करार करा: सिनेमा चालू असताना कुणी बोलायचं नाही, ना तिने चूक काढायची, ना तुम्ही ‘आता बघ हं, आता बघ’ म्हणायचं. तुम्हाला तुमचा सिनेमा शांतपणे बघायचा हक्क आहे आणि तो तिने मानावा, हे मोकळेपणाने सांगा. मध्ये सुचेल ते तिने वहीत लिहावं. संपल्यावर वही उघडायची आणि प्रत्येक चुकीपुढे दोन गोष्टी लिहायच्या: हे आपल्याला कशावरून समजलं आणि कोणत्या साली. ‘पिसं होती’ एवढ्यावर तिला सोडू नका, कुठल्या हाडावरून कळलं ते विचारा. पाठ केलेली माहिती आणि समजलेली माहिती यातला फरक तिला तिथेच कळेल, आणि तुम्हालाही. साल शोधायचं काम तुम्ही घ्या. म्हणजे ती परीक्षक आणि तुम्ही आरोपी, असं होणार नाही. डायलोफोसॉरसपुढे ‘कधीच नाही’ लिहावं लागेल, पिसांपुढे १९९६ आणि २००७. मग ती तुमच्या १९९३ च्या सिनेमावर रागावणार नाही, असं मला वाटतं. आणि तुम्हीही तिच्यावर.

जमलं तर हिवाळ्यात बहिणीला विचारून तिला गुजरातमध्ये बालासिनोरजवळच्या रैयोलीला घेऊन जा. तिथे डायनासोरांच्या अंड्यांचे आणि हाडांचे जीवाश्म जागेवरच बघायला मिळतात, बाजूला संग्रहालय आहे. राजासॉरस नर्मदेन्सिस हा आपला शिंगवाला शिकारी तिथलाच, त्याचं वर्णन २००३ साली प्रसिद्ध झालं. पिसदुऱ्याला जायचा तिने हट्ट धरला तर तिथेही जा, पण नागपूरच्या एखाद्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारून, त्यांच्या सोबत. आणि शेतात दिसलेला गोल दगड आठवण म्हणून खिशात टाकू नका, तिलाही टाकू देऊ नका. तो कुठल्या थरात, कशाच्या शेजारी पडला होता, हे त्याच्या जागेवरून कळतं. जागा हलली की तो नुसता दगड राहतो.